तारोबाचं पाणी

कडावच्या पोस्टात टेलिफोन आला, तेव्हा ज्याच्यासाठी फोन असेल त्याला बोलावून आणायचं काम सोनुबाईंच्या गळ्यात पडलं. पोस्ट त्यांच्याच घराच्या ओटीवर होतं आणि त्यांचे यजमान गोमादादा पोस्टमास्तर होते. मी तेव्हा कडावच्या शाळेत शिकवत होते आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. फोन खणखणला की गोमादादा उचलायचे, "थांबा" म्हणायचे आणि आत हाक मारायचे. मग सोनुबाई पदर खोचून अंगणाच्या कडेला उभ्या राहायच्या आणि तोंडाशी हात धरून शेताकडे ओरडायच्या, "ए शुक्राऽऽ! भावाचा फोन आलाय तुझ्या रंऽऽ!" बांधामागून बांध ओलांडत ती हाक जायची आणि चिखलाचे पाय घेऊन शुक्रा धावत यायचा.

अंगानं त्या अगदी किरकोळ होत्या. एवढ्याशा देहात एवढा आवाज कुठे मावतो, असं गोमादादा सगळ्यांदेखत विचारायचे. "तुमच्या कानात जाऊन मावतो," असं सोनुबाईंचं उत्तर ठरलेलं. त्यांना गप्प बसता यायचं नाही. माणूस नसलं तर म्हशीशी बोलायच्या. धूर करणाऱ्या लाकडाला, "मेल्या, तुला काय दुखतंय?" असं विचारायच्या. माझ्या खोलीत आल्या की दारातूनच बोलायला सुरुवात व्हायची, आणि परत जाताना वाक्याचं शेपूट अंगणात पडायचं.

कर्जतहून आलेली टेलिफोनची तार एकेरी होती. ती बसवायला भिसेगावचा लाइनमन शकूर आला होता. उंच, वाकून चालणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं मागच्या अंगणात तुळशीशेजारी खड्डा खणून काहीतरी पुरलं आणि जमिनीतून वीतभर नळी वर काढून ठेवली. तिथे पावसाळा सोडून रोज तांब्याभर पाणी घालायचं, एवढं तो गोमादादांना बजावून गेला. का घालायचं, तेही त्यानं सांगितलं असणार. पण गोमादादा थट्टेखोर. त्यांनी सोनुबाईंना सांगितलं, "हा तारेचा देव हाय. तारोबा. याला रोज न्हाऊ घाल, नायतर रुसंल."

"तुमचा देव तुमीच न्हाऊ घाला," सोनुबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालून झाल्यावर उरलेला तांब्या त्यांनी त्या नळीशी ओतला, आणि मग रोजच ओतू लागल्या. थट्टा कधी विरून गेली ते कोणाला कळलं नाही. नळीभोवती त्यांनी गोटे मांडले, ती जागा शेणानं सारवून घेतली. पुढच्या वर्षी शेजारच्या जनीनं जाता जाता तिथं कुंकवाचं बोट लावलं. संक्रांतीला तारोबापुढे तीळगूळही दिसला. शकूरनं ते पाहिलं होतं. तो नुसता हसला आणि म्हणाला, "वैनी, पाणी पडतंय ना? मग झालं."

हे सगळं कौतुकाचं. पण त्या घरात एक दुखणंही होतं. सोनुबाईंचा एकुलता मुलगा हिरामण. ट्रक चालवायला शिकलेला, बापासारखाच थट्टेखोर. त्यानं डोंगरातल्या ठाकरवाडीची बुधी बायको म्हणून घरी आणली. बुधी ओटीच्या पायरीशी उभी होती, हातात कापडाचं गाठोडं घेऊन. गोमादादांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मुलाला म्हणाले, "हिला घेऊन जा. आणि मी मेलो तरी माझ्या मढ्याला शिवायला येऊ नको." हिरामण म्हणाला, "आये, तू काय म्हणतेस?" सोनुबाई दारात उभ्या होत्या. आयुष्यात कधी गप्प न बसलेली ती बाई त्या वेळी गप्प बसली. हिरामण बुधीला घेऊन निघून गेला. पुढे कोणी म्हणे तो पनवेलला आहे, कोणी म्हणे हायवेवर कुठेतरी आहे. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे.

गोमादादा गेले ते ऐन वैशाखात. सकाळी टपालाची पिशवी सोडताना छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. अग्नी पुतण्यानं दिला. वाल्मिक त्याचं नाव. तो आधीपासून गावोगाव टपाल वाटायचा, आता पोस्टाचा सगळा भार तात्पुरता त्याच्यावर आला. थोरले दीर नागूआबा ओटीवर येऊन बसू लागले. सोनुबाई आतल्या खोलीत कांबळ्यावर. सुतक धरलं होतं. देवघर बंद, तुळशीला पाणी नाही, दिवा फक्त गोमादादांच्या जागेशी.

नंतर काही दिवसांनी फोन बिघडला.

बिघडला म्हणजे पार बंद पडला नाही, आणि तेच वाईट झालं. घंटी वाजायची, पण पूर्वीसारखी खणखणून नाही. लहान मुलानं वाटीवर चमचा मारावा तशी बारीक टिणटिण. उचललं की कानात एक लांबच लांब गुणगुण. पलीकडे कोणीतरी आहे, तार लागलेली आहे, एवढं कळायचं. आता शब्द येईल, मग येईल, असं वाटून माणूस रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरायचा. शब्द यायचा नाही. थोड्या वेळानं गुणगुणही थांबायची.

आणि ही घंटी रोज एका ठरावीक सुमाराला वाजू लागली. वाल्मिक टपाल वाटायला गेलेला असे, नागूआबा जेवून घरी पडलेले असत. फोनजवळ सोनुबाईंखेरीज कोणी नसे. पहिल्यांदा त्या उठल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी उठून गेल्या.

"कोण हाय? कडाव पोष्ट! कोण बोलतंय?"

शाळेला सुट्टी होती, मी खोलीतच होते. धावत गेले तर सोनुबाई दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून उभ्या होत्या आणि ओरडत होत्या. शेतापल्याडच्या माणसाला बोलावताना लावायच्या तोच आवाज. शेजारच्या बायका दारात आल्या. "बोला! अवो, बोला ना! मी सोनुबाई!" रिसीव्हर ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

बायका पांगल्यावर त्या मला म्हणाल्या, "बाई, तो हिरामण असंल."

"कशावरून?"

"या वक्ताला वाल्मिक घरी नसतो, ते त्यालाच ठावं. म्या एकटीनं उचलावं म्हणून या वक्ताला करतो. इचारत असंल, आये, येऊ का म्हणून. दहाव्याला येऊ का."

मी म्हटलं, वाल्मिकला कर्जतला पाठवू या. एक्स्चेंजमध्ये विचारलं तर फोन कुठून येतो ते सांगतील. सोनुबाईंनी माझा हात धरला. "नको. यांनी काय सांगितलं ते साऱ्या गावानं ऐकलंय. राख गार नाय झाली, नि म्या त्याचं नाव काढू? नागूआबा ओटीवर बसल्यात." मग हळू आवाजात, "फोनच नीट झाला, तर त्याचं त्यो इचारंल, मी माझं सांगंन. कोणाला कळायचं नाय."

काय सांगणार, असं मी विचारलं नाही. त्या दारातल्या गप्प बसण्याचं उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वाल्मिकनं सायकलवरून जाऊन कर्जतला तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी शकूर आला. आधी तो नागूआबांपाशी बसला, गोमादादांबद्दल चार शब्द बोलला. त्याचे डोळे ओले झाले होते. मग कामाला लागला. फोनची पेटी उघडून त्यानं आतले सेल बदलले, तारांची टोकं घासली, दांडा फिरवून कर्जतला हाक मारून पाहिली. गुणगुण. मग त्यानं ओटीवरूनच वाल्मिकला विचारलं, "अर्थिंगला, त्या नळीशी, पाणी घालता ना?"

"रोज," वाल्मिक म्हणाला. "काकी घालते की. तुमी बघितलंय."

तो खोटं बोलला नव्हता. वर्षानुवर्षं सकाळी त्यानं काकीच्या हातात तांब्या पाहिला होता. शकूर एरवी मागच्या अंगणात जाऊन स्वतः हात लावून बघायचा. पण दुःखाचं घर. आत बायका बसलेल्या. परक्या पुरुषानं तुळशीपर्यंत जाणं त्याला बरं वाटलं नाही. "मग तारेतच कुठंतरी असणार," असं म्हणून तो निघाला आणि कर्जतच्या वाटेला लागून एकेक खांब बघत गेला. कुठे वेल चढलेला, कुठे सुगरणीचं घरटं लोंबलेलं, कुठे तार धरणारी चिनीमातीची वाटी तडकलेली. सगळं साफ करत, बदलत, संध्याकाळपर्यंत तो उन्हात होता.

त्या दिवशीही दुपारी टिणटिण झाली. सोनुबाईंनी उचललं. गुणगुण.

"हिरामण?" त्या पहिल्यांदा नाव घेऊन बोलल्या. "हिरामण, ऐकू येतंय का रं? अरे, ये तू. ऐकलंस का? ये!"

मी जवळ उभी होते. त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. मलाही फक्त तो लांबचा आवाज ऐकू आला, विहिरीत तोंड घालून ऐकावा तसा. मग खट झालं आणि तेही संपलं.

"गेलं का ओ त्याला?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी शकूर परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. उद्या दहावं. त्यानं या वेळी वेगळी रीत धरली. खांद्याला अडकवलेला चाचणीचा फोन घेऊन तो वाटेतल्या खांबांवर चढला होता आणि जागोजागी तारेला जोडून कर्जतशी बोलून पाहत आला होता. "जिथनं बोलावं तिथनं खणखणीत," तो वाल्मिकला म्हणाला. "आता ह्यो तुमच्या दारातला खांब राह्यला." त्यानं खांबाच्या पायथ्याशी एक लोखंडी खिळा ठोकला, त्याला आपल्या फोनची वायर बांधली आणि घराकडे तोंड करून म्हणाला, "वैनी, जरा तांब्याभर पाणी मिळंल का?"

बाहेर ऊन रणरणत होतं. सोनुबाईंनी जनीच्या हाती माठातलं गार पाणी पाठवलं, वर गुळाचा खडा. खिडकीतून त्या बघत होत्या. शकूरनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्यातलं सगळं पाणी खिळ्याच्या बुडाशी जमिनीत ओतलं.

विहिरीचा तळ दिसायला लागलेला. हंडा भरायला अर्धा दिवस जात होता. सोनुबाई खिडकीतूनच बोलल्या, "शकूरभाय, पाणी प्यायला दिलं होतं. मातीला कशाला पाजलं?"

"वैनी, मातीच तर प्यायली पायजे," तो म्हणाला. "बोलणं तारेनं जातं नि जमिनीतनं परत येतं. सुकी जमीन बोलणं नेत नाय. म्हणून तर तुमच्या अंगणात ते पुरून ठेवलंय. तुमी पाणी घालता, म्हणून कडावचा फोन बोलतो."

मी सोनुबाईंच्या मागे उभी होते. त्यांनी खिडकीचा गज धरला होता.

"नाय घातलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाय घातलं पाणी. हे गेले तसं नाय घातलं. सुतकात देवाला पाणी घालतात का? तुळशीला नाय घातलं, तारोबाला कसं घालू?"

शकूरनं डोक्यावरचा रुमाल काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "माझीच चूक. मी मागं जाऊन बघायला पायजे होतं." वाल्मिक पुटपुटला, "मी तर काकी रोज घालते म्हणालो..." नागूआबा मात्र खेकसले, "म्हणजे काय, सुतक मोडायचं? एक दिवस थांबा. उद्या दहावं झालं की घाला काय ते."

शकूर म्हणाला, "आबा, देव नाय तो. तांब्याचा पत्रा हाय. मी ओततो पाणी, घरच्या कोणी हात लावू नका."

पण सोनुबाई उठल्या होत्या. हंड्यातलं उरलेलं सगळं पाणी त्यांनी कळशीत घेतलं आणि मागच्या दारानं अंगणात आल्या. नवरा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच उन्हात आल्या होत्या. सारवलेली जागा भेगाळली होती. त्यांनी ओतलं तर पाणी वर थांबलंच नाही, भेगांतून सरळ आत गेलं. "आणखी," शकूर कुंपणापलीकडून म्हणाला. जनी न सांगता आपल्या घरचा हंडा घेऊन आली. तिच्या मागून आणखी एक बाई. नागूआबा ओटीवरून उठून निघून गेले.

शकूरनं ओटीवर जाऊन दांडा फिरवला. कर्जतचा ऑपरेटर इतका मोठ्यानं "हॅलो" म्हणाला, की तो आम्हाला अंगणात ऐकू आला.

आता सोनुबाईंनी लपवलं नाही. "शकूरभाय, त्याला इचारा, रोज दुपारी फोन कुठनं येत होता."

शकूरनं विचारलं. फोन चौक गावाच्या बाजूनं येत होता, लोधिवलीच्या एका पेट्रोल पंपावरून. म्हणजे मुलगा इतक्या जवळ होता. उठून निघाला असता तर अर्ध्या दिवसात दारात आला असता. ऑपरेटरनं आपणहून पंप जोडून दिला. शकूरनं रिसीव्हर सोनुबाईंच्या हातात दिला आणि पायरी उतरून अंगणात जाऊन उभा राहिला.

पंपावरचा माणूस मोकळा बोलणारा होता. त्याचा आवाज रिसीव्हरबाहेर सांडत होता. "हिरामण डायवर? तो गेला ना सकाळीच. गाडी घेऊन सुरतेच्या बाजूला. आठवडाभर तरी येत नाय. तुमी कोण? कडाववरनं का? अवो, तो रोज फोन करायचा इथनं. काल तर रडला. म्हणाला, आई उचलते, पण बोलत नाय. बापाचा शब्द पाळतेय म्हणाला."

मी सोनुबाईंच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत होता.

"मी बोलत होते," त्या शेवटी म्हणाल्या. "मी वरडत होते."

"त्याची बायको हाय इथं मागच्या खोलीत," तो माणूस म्हणाला. "बोलावू का?"

त्या घरात बुधीचं नाव तोवर कोणी उच्चारलं नव्हतं, सोनुबाईंनीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "बोलाव बाबा."

बुधी यायला वेळ लागला. मग रिसीव्हरमध्ये काहीतरी खरखरलं आणि सगळं शांत झालं. पोरीनं फोन कधी हातात धरला नसावा. ती नुसती धरून उभी असणार. सोनुबाई ऐकत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मी समजले, त्यांना वाटत होतं तार पुन्हा गेली, किंवा मग पोरगी मुद्दाम बोलत नाही.

"बुधे," त्या म्हणाल्या. "बोल गं. मी त्याची आये. काय पण बोल, शिवी दिलीस तरी चालंल."

मग पलीकडून बारीक आवाज आला. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

"त्याला सांग, तार बिघडली होती. सांग, आयेनं बोलावलंय. दोघांना. ऐकलंस का? दोघांना. दहावं होईल उद्या, होऊ दे. सांग, ये."

दहाव्याचे विधी वाल्मिकनं केले. हिरामण आला तो तेराव्यानंतर, बुधीला घेऊन. सुरतेच्या वाटेवर कुठल्याशा न्हाव्याकडून त्यानं डोकं भादरून घेतलं होतं. केसांचे खुंट वर आले होते. ओटीची पायरी चढताना तो थांबला. सोनुबाईंनी पुढे होऊन आधी बुधीचा हात धरला आणि तिला आत घेतलं. नागूआबा त्या घरात पुन्हा कधी जेवले नाहीत. "थोबाड धुवायला पाणी नाय, नि देवाला घागरी," असं ते चावडीवर बोलत, आणि लोक ते सोनुबाईंच्या कानावर घालत. "त्यांना सांगा, तारोबाचा परसाद घ्यायला या," असं त्या म्हणायच्या, पण पूर्वीसारखं हसून नाही.

बापाच्या दहाव्याला आपण नव्हतो, हे हिरामणच्या मनातून गेलं नाही. आईनं सगळं समजावून सांगितलं. शकूर स्वतः येऊन बोलला. अंगणात नेऊन त्यानं तो पत्रा कुठे पुरलाय ते दाखवलं. हिरामणनं ऐकून घेतलं, मान हलवली. त्याला ते पटलंही असावं. पण ज्या दुपारी त्यानं आपल्या आईला मुकी ठरवलं, त्या दुपारी त्याच्या आत काहीतरी बसलं होतं, ते निघायला तयार नव्हतं. तो आणि बुधी लोधिवलीलाच राहिले. सणाला यायचे, पोरं झाल्यावर पोरांना घेऊन यायचे, आणि आठवड्यातून एकदा हिरामण पंपावरून फोन करायचा.

सोनुबाई पुढे पुष्कळ जगल्या. पोस्ट वाल्मिकच्या नावावर झालं, पण फोन उचलायचा मान त्यांचाच राहिला. त्या घरात नंतरही सुतकं आली. देवघर बंद व्हायचं, तुळस कोरडी राहायची, पण तारोबाच्या नळीशी सकाळी ओल दिसायची. कोणी काही म्हणायचं नाही. शकूर निवृत्त व्हायच्या आधी नवी दुहेरी तार आली आणि अंगणातल्या त्या खड्ड्याची गरज उरली नाही. तसं त्यानं सोनुबाईंना सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ओल होतीच.

माझी बदली झाल्यावरही मी कधीमधी कडावला जात असे. एकदा त्यांच्या ओटीवर बसले असताना हिरामणचा फोन आला. सोनुबाई स्वयंपाकघरात होत्या. गुडघे दुखत होते, भिंतीला धरून येत होत्या. पण बोलणं त्यांनी आतूनच सुरू केलं होतं. रिसीव्हर उचलण्याआधी, हात तिथवर पोचण्याआधी, त्या मोठ्यानं म्हणत येत होत्या, "मी हाय रं, मी हाय. बोलतेय. ऐकू येतंय ना? मी हाय."